लॅपटॉपची साडेसाती: एका जुन्या गेमिंग मशीनच्या दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हा लॅपटॉप मुळात माझा. २०१७ च्या दिवाळीत घेतलेला. इंटेलचा कोअर आय-७ ७७००एचक्यू प्रोसेसर, एनव्हिडियाचं चार जीबीचं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक कार्ड, आठ जीबी रॅमची एकच पट्टी, एक टीबीची हार्ड डिस्क आणि १३० वॅटचा, विटेएवढा चार्जर. एसएसडीसाठी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी चालणाऱ्या वेगवान डिस्कसाठी, मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डावर) एम.२ ची जागा होती, पण ती पहिल्या दिवसापासून रिकामी. पुढे कधीतरी टाकू म्हटलं आणि ते 'पुढे कधीतरी' पाच वर्षं चाललं.

२०२२ मध्ये तो भाच्याकडे गेला. भाचा सांगलीला हॉस्टेलवर राहून इंजिनीअरिंग करतो, घर सोलापूरला. दिवसा कॅडचं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगचं काम, रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम. माझ्याकडे लॅपटॉप टेबलावर असायचा, त्याच्याकडे गादीवर. हा फरक किरकोळ वाटतो, पण पुढची निम्मी कथा त्या गादीवर घडली.

मे २०२५ मध्ये सुट्टीला तो सोलापूरला गेला आणि चार दिवसांत फोन आला, "मामा, लॅपटॉप गेला बहुतेक."

तक्रार काय होती

"गेला" म्हणजे नेमकं काय, हे काढून घ्यायला अर्धा तास लागला. विंडोज सुरू व्हायला चार-पाच मिनिटं. गेम दहा मिनिटं नीट चालतो, मग स्लाइड-शो होतो. कधी कधी तर गेम न लावताही माउस ओढल्यासारखा सरकतो. चार्जिंग कधी होतं, कधी होत नाही. टचपॅडचं क्लिक महिनाभरापासून दाबलंच जात नाही. शिवाय ताईची स्वतंत्र तक्रार: "पिठाच्या गिरणीसारखा वाजतो तो. दुपारी झोपू देत नाही."

त्याआधी तो एका दुकानात दाखवून झाला होता. तिथे सांगितलं होतं की ग्राफिक चिप गेली आहे, रीबॉलिंग (चिप काढून तिच्या खालचे झाळकामाचे मणी नव्याने बसवणं) करावं लागेल, साडेसात हजार, गॅरंटी तीस दिवस. नाहीतर मदरबोर्ड बदला, अठरा हजार. ताईचं बजेट पंधरा हजारांचं. तिचा सरळ प्रश्न होता, "ह्याच्यात पैसे घालू की नवीन घेऊन देऊ?"

मी म्हटलं, ताई, आधी त्याला पुण्याला पाठव. आणि येईपर्यंत चार्जिंगला लावू नकोस. टचपॅड दाबला न जाणं हे मला अजिबात आवडलं नव्हतं.

समोर आल्यावर काय दिसलं

टेबलावर ठेवल्याबरोबर लॅपटॉप डुलला. तळ सपाट राहिला नव्हता. खालचं झाकण काढलं तर बॅटरी फुगलेली, लोडासारखी, आणि ती वर टचपॅडला रेटत होती. पहिला निर्णय तिथेच झाला, त्यात चर्चेला जागा नव्हती: बॅटरी बाहेर. फुगलेली लिथियम बॅटरी टोकदार पान्याने उचकटायची नसते, दाबून बसवायची तर मुळीच नसते. कनेक्टर सोडवला, स्क्रू काढले, प्लास्टिकच्या पट्टीने ती हलकेच सुटी केली आणि गॅलरीत कुंड्यांपासून लांब एका पत्र्याच्या डब्यात ठेवली. नंतर ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे गेली. घंटागाडीत टाकायची वस्तू नाही ती. कचऱ्याच्या ढिगात चिरडली गेली तर तिथेच पेट घेऊ शकते.

दुसरी गोष्ट दिसली ती दुकानाच्या निदानाबद्दल. हीटसिंकच्या (उष्णता बाहेर नेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांवर धुळीचा नमद्यासारखा घट्ट थर होता, एकसंध, कुणी बोटही न लावलेला. म्हणजे चिप गेल्याचं सांगणाऱ्याने झाकणही उघडलं नव्हतं. आणि ग्राफिक चिप खरंच जात असेल तर पडद्यावर रंगीत ठिपके-पट्टे येतात, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) मधूनच कोसळतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डापुढे पिवळा त्रिकोण येऊन एरर ४३ दिसतो. इथे यातलं काहीच नव्हतं. चित्र स्वच्छ होतं, फक्त हळू होतं.

मग मोजमाप. ही सगळी साधनं फुकट मिळतात. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोने हार्ड डिस्कला धोक्याचा पिवळा रंग दिला, सोळा सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) वाचायला अडत होते. तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून गेम लावला, तर बाराव्या मिनिटाला प्रोसेसर ९७ अंशांवर आणि ग्राफिक कार्ड ८४ वर. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची. तिथे पोचू लागला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि तो वेग कमी झाला की गेम अडखळतो. आधी काढून ठेवलेला विंडोजचा बॅटरी रिपोर्ट भाच्याने आणला होता: मूळ क्षमता ७४ वॅट-तास, उरलेली २९.

त्या रात्री मी ताईला ठामपणे सांगितलं की चिप ठीक आहे, उष्णता आणि हार्ड डिस्क एवढंच दुखणं आहे. अर्धं बरोबर होतं.

पर्याय

रीबॉलिंग सगळ्यात आधी बाद केलं. न झालेल्या आजारावरचं ऑपरेशन ते. शिवाय रीबॉलिंगच्या नावाखाली नुसती चिप हीटगनने तापवून देणारे पुष्कळ असतात. तापवल्यावर चिप काही आठवडे चालतेही, तीस दिवसांची गॅरंटी बहुतेक त्याच हिशेबाने ठरत असावी.

नवा लॅपटॉप म्हणजे आरटीएक्स ४०५० असलेलं साधं मॉडेलही तेव्हा सत्तर-पंचाहत्तर हजारांच्या घरात. भाच्याचं शेवटचं वर्ष बाकी. नोकरी लागली तर कंपनी लॅपटॉप देईल, मग गेमसाठी काय घ्यायचं ते स्वतःच्या पगारातून ठरवेल. ताईला हे पटलं, भाच्याला अर्थातच नाही. जुना डेस्कटॉप आणि सेकंडहँड ग्राफिक कार्ड हा पैशांच्या दृष्टीने सगळ्यात शहाणा पर्याय होता, पण हॉस्टेलच्या खोलीत तिघांमध्ये दीड टेबल. तोही गेला.

उरली दुरुस्ती. तिला एक अट घातली: पंधरा हजारांच्या आत, आणि शक्यतो असे भाग घ्यायचे जे हा लॅपटॉप मेला तरी दुसरीकडे कामी येतील. एसएसडी काढून नेता येते, रॅमही डीडीआर४ च्या दुसऱ्या लॅपटॉपला चालते. बॅटरी मात्र याच मॉडेलची, ती गेली की पैसे गेले. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड बोर्डावर झाळलेले, त्यामुळे त्यांचा अपग्रेड हा विषयच नव्हता. भाच्याला वाटत होतं की रॅम वाढवली की नवे गेम चालतील. काही नवे गेम रे-ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढण्याचं) हार्डवेअर ग्राफिक कार्डात नसेल तर सुरूच होत नाहीत, ३२ जीबी टाकली तरी. हे त्याला आधीच सांगून टाकलं, म्हणजे नंतर तोंड पाडायला नको.

काय केलं

आधी डेटा. अडणारे सेक्टर असलेल्या डिस्कवर एक दिवसही जास्त काढणं म्हणजे जुगार. कॉलेजचं काम, फोटो, गेमची सेटिंग एवढंच बाहेर काढलं. पूर्ण डिस्क जशीच्या तशी क्लोन करावी का, यावर भाचा अडून बसला होता, कारण सगळं पुन्हा टाकायचा कंटाळा. मी नको म्हटलं. आजारी डिस्कवरून क्लोन करताना एकेका खराब सेक्टरवर ती तासन्‌तास रेंगाळते, आणि एवढं करून जुना कचराही नव्या एसएसडीवर येतो. विंडोज १० चं लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलं असल्याने कोऱ्या इन्स्टॉलनंतर ते आपोआप लागू झालं.

एसएसडी घेताना एक गोष्ट तपासली. एम.२ हा फक्त आकार आहे, त्या आकारात साटा (हळू) आणि एनव्हीएमई (वेगवान) अशा दोन जाती येतात. आमच्या खाचेत दोन्ही चालत होत्या, पण सगळ्या जुन्या लॅपटॉपमध्ये तसं नसतं. सर्व्हिस मॅन्युअल उघडून बघायला पाच मिनिटं लागतात. ५१२ जीबीची एनव्हीएमई घेतली. विंडोज पंधरा सेकंदांत उघडलं तेव्हा भाच्याने दोनदा बंद-चालू करून पाहिलं. आठ जीबीची दुसरी रॅम पट्टी टाकली. त्यामुळे एकूण सोळा झाली आणि ड्युअल चॅनलही, म्हणजे दोन पट्ट्या जोडीने चालण्याचा वेगही, मिळाला.

मग हीटसिंक. धूळ नुसती फुंकून निघण्यातली नव्हती. फॅन सोडवून, पात्यांमधला थर अक्षरशः पापुद्र्यासारखा ओढून काढला. चिप आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. इथे दोन मोह आवरले. एक, लिक्विड मेटलचा, म्हणजे पेस्टऐवजी लावायच्या पातळ धातूचा. ते वीजवाहक असतं, बाजूच्या भागांवर थेंब ओघळला तर खेळ खल्लास, आणि गादीवर वापरल्या जाणाऱ्या, कशाही हिंदकळणाऱ्या मशीनमध्ये तर नकोच. दोन, थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) बदलायचा. व्हिडिओ मेमरीवरचे पॅड अजून मऊ होते. जाडीचा अंदाज चुकला आणि नवा पॅड अर्धा मिलिमीटर जाड निघाला तर हीटसिंक चिपवरून उचलला जातो, मग पेस्ट कितीही भारी असो. म्हणून फाटले नव्हते ते पॅड तसेच ठेवले. डाव्या फॅनचं बेअरिंग घरघरत होतं. नवा फॅन मागवला तर दहा दिवस लागणार होते, म्हणून तो साफ करून परत बसवला.

त्याच टेबलावर, त्याच वेळी, तोच गेम: प्रोसेसर ८३, ग्राफिक कार्ड ७१. मी खूश.

प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं उतरवून आणखी चार-पाच अंश मिळवता आले असते. पण डिसेंबर २०१९ मध्ये त्या सोयीतली प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची त्रुटी उघड झाली आणि त्यानंतरच्या बायोस (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटांनी बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती सोयच बंद केली. आमच्यातही बंद होती. जुना बायोस टाकून ती उघडण्याच्या भानगडीत पडलो नाही. त्याऐवजी फ्रेम्सवर, म्हणजे गेम सेकंदाला किती चित्रं काढतो त्यावर, मर्यादा घातली. पडदा ६० हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला साठच चित्रं दाखवणारा, आणि मशीन सेकंदाला दीडशे फ्रेम काढायला धापा टाकतंय, याला काय अर्थ? भाच्याचं म्हणणं, जास्त फ्रेम असल्या की निशाणा लवकर लागतो. त्यात तथ्य आहे, थोडंसं. शंभरवर तह झाला.

जिथे आम्ही चुकलो

नवी बॅटरी यायला चार दिवस होते. तोवर लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालवला, तर मधूनच पूर्ण मशीन गोगलगाय व्हायचं. मी म्हटलं, बॅटरी नाही ना, म्हणून असेल. बरेच लॅपटॉप बॅटरीशिवाय वेग आवरता घेतात, त्यामुळे हे स्पष्टीकरण चुकीचं वाटत नव्हतं. तेच नडलं.

बॅटरी आली, बसवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, शिवाय "प्लग लावला आहे, चार्ज होत नाही" असा संदेश. आता संशय बॅटरीवर, की डुप्लिकेट मिळाली. परत करायचा अर्जही भरत आणला होता. तेवढ्यात भाचाच म्हणाला, "मामा, हे बघ. तापमान बावन्न आहे आणि स्पीड पॉइंट सात नऊ."

तिथे माझी ट्यूब पेटली. २.८ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर ०.७९ वर, आणि तोही थंड असताना. उष्णतेमुळे वेग उतरतो तेव्हा तापमान नव्वदीच्या पुढे असतं. थंड असताना तो ८०० मेगाहर्ट्‌झला बसला, तर त्याला बाहेरून कुणीतरी दाबून धरलेलं असतं. एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रोचॉट नावाची ओळ 'यस' दाखवत होती. हा इशारा खरं तर अतिउष्णतेचा, पण मदरबोर्डवरचे इतर भागही तो प्रोसेसरला देऊ शकतात. वीज पुरणार नाही असं वाटलं की पॉवरचं सर्किट हीच दोरी ओढतं.

म्हणजे बिघाड दोन होते आणि दोन्हींचं लक्षण एकच, अडखळणं. पहिला बरा केला म्हणून दुसरा उघडा पडला. सोलापुरात गेम न लावताही माउस ओढल्यासारखा सरकायचा, हे भाच्याने पहिल्याच फोनमध्ये सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि उष्णतेच्या खात्यात टाकून मोकळा झालो.

बायोस उघडला तर चार्जरच्या ओळीपुढे 'अननोन' लिहिलेलं. काही कंपन्यांच्या चार्जरच्या पिनमध्ये मधोमध एक सुईसारखी बारीक पिन असते. तिच्यातून चार्जर स्वतःची ओळख सांगतो: मी इतक्या वॅटचा. ती ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरला लगाम घालतो. यात त्याचंही चूक नाही, समोरचा १३० वॅट देईल की ४५ हे त्याला कळणार कसं?

मी लगेच चार्जर बदलायचं ठरवलं. अट्ठावीसशे रुपये. नवा चार्जर लावला, बायोसने १३० वॅट ओळखले, दोन दिवस सगळं झकास. भाचा सांगलीला निघायच्या आदल्या रात्री पुन्हा ०.७९.

तेव्हा कुठे पिन हलवून पाहिली. वायर डावीकडे दाबली की ओळख पटते, सोडली की जाते. दोष चार्जरमध्ये नव्हताच. लॅपटॉपच्या आतला, चार्जर जिथे खुपसतो तो जॅक आणि त्याची छोटी वायर, यातली ओळखीची केसासारखी तार आतून तुटून नुसती टेकलेली होती. मल्टिमीटर लावून वायर वाकवली तर बीप येतो, सरळ केली की बंद. गादीवर कुशीवर लोळून, पिनेवर ताण देऊन वापरल्याची तीन वर्षं. नव्या चार्जरची पिन जरा घट्ट बसली, म्हणून दोन दिवस आम्ही फसलो. जॅक बोर्डावर झाळलेला नव्हता, वायरीसकट सुटा मिळतो. सकाळी तापकीर गल्लीत गेलो, तिथे मिळाला. साडेचारशे रुपये, वीस मिनिटांचं काम. भाचा दुपारच्या गाडीने गेला.

निकाल

बॅटरी ३,९००, एसएसडी ३,१००, रॅम १,७००, पेस्ट-अल्कोहोल-ब्रश ७००, चार्जर २,८००, जॅक ४५०, जुन्या हार्ड डिस्कसाठी बाहेरचा डबा ३५०. एकूण १३,०००. त्यातले अट्ठावीसशे माझ्या घाईचे, ते मी ताईकडून घेतले नाहीत. जुना चार्जर तोवर धडधाकट ठरला होता, तो हॉस्टेलला ठेवला आणि नवा घरी. एवढंच समाधान. रॅमचे भाव त्यानंतरच्या काही महिन्यांत असे भडकले की तीच पट्टी आता घेताना हात आखडला असता.

त्यानंतर सहा महिने ०.७९ दिसलेलं नाही. कॅडची मोठी असेंब्ली उघडते, व्हॅलोरंट शंभरवर स्थिर असतो. जुन्या हार्ड डिस्कवर आता फक्त सिनेमे ठेवायचे, एकमेव प्रत असलेलं काहीही नाही, असा नियम केला आहे.

आयुष्याची मर्यादा मात्र दुरुस्तीने वाढत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. आडवाटेने ११ टाकता येतं, पण व्हॅलोरंटची गेममधली लबाडी पकडणारी यंत्रणा विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागते, आणि लिनक्सवर तो गेम चालतच नाही. म्हणून विंडोज १० च ठेवलं आणि मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटांसाठी नाव नोंदवलं, ते ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ग्राफिक कार्डाच्या या पिढीसाठी गेमचे नवे ड्रायव्हरही ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, यापुढे फक्त सुरक्षेचे. ऑक्टोबर २०२६ येईपर्यंत भाच्याचं शेवटचं वर्ष पार पडतं, हिशेब जमतो.

आज पुन्हा केलं तर

चार्जर विकत घेण्याआधी उसना आणला असता. माझ्याच शेजाऱ्यांकडे त्याच कंपनीचा ऑफिसचा लॅपटॉप आहे, ६५ वॅटचा, पण पिन तीच. तो लावून बायोसमध्ये '६५ वॅट' दिसलं असतं तर आमचा चार्जर खराब, 'अननोन' दिसलं असतं तर जॅक खराब. पिन हलवून पाहायला तर शेजारीही लागत नव्हता. दोन्ही फुकट होतं.

पहिल्या दिवशी तापमानाबरोबर प्रोसेसरचा वेगही लिहून ठेवला असता. आकडा समोर होता, पण मला उष्णताच शोधायची होती म्हणून मी उष्णतेचाच रकाना वाचत होतो. आणि गेम लावून मोजलं तसं गेम न लावताही अर्धा तास मोजलं असतं, तर थंड मशीन अडखळताना तेव्हाच दिसलं असतं.

रॅम पहिल्याच आठवड्यात घेतली, ती थांबवता आली असती. तिने फायदा झाला, पण भाच्याच्या तक्रारीतली एकही तक्रार रॅमची नव्हती.

डावा फॅन बदलायला हवा होता. दहा दिवस थांबलो असतो तर बिघडलं काय असतं? दिवाळीच्या सुट्टीत भाचा लॅपटॉप घेऊन सोलापूरला गेला. सगळं सुरळीत असल्याचं त्याने कळवलं. मग ताईने फोन घेतला आणि विचारलं, "तेरा हजार घातले ना? मग गिरणी अजून चालू कशी?"